घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

दसरा जवळ आला की आमच्याकडे एकाच सुराची पत्रं यायला लागतात, बोनस मिळणारे, प्रोसेसर बदलू का? यावेळी त्यातली पाच घेतलीयेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण तीच केस थोड्याफार फरकाने अर्ध्या ढिगाऱ्यात आहे.

प्रश्न : माझा पीसी २०१८ च्या दिवाळीत बांधलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. तेव्हा ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० होतं, गेल्या वर्षी सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) १०८०पी मॉनिटर पण घेतला. पण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कार्ड बदलल्यासारखं वाटतच नाही, गर्दी झाली की झटके बसतात. बुधवार पेठेतला एक दुकानदार म्हणाला की एवढी वर्षं झाली, आता बोर्ड-रॅम-प्रोसेसर सगळंच काढून टाका. मित्र म्हणतो फक्त ५८००एक्स३डी प्रोसेसर टाक, विषय संपला. कोणाचं ऐकू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आत्ता तरी दोघांचंही नको. "एवढी वर्षं झाली" हे काही कारण नाहीये हो, तारीख दुधाच्या पिशवीवर असते, प्रोसेसरवर नसते. प्रश्न एवढाच की तुमच्या पीसीत कोण कोणासाठी थांबतंय.

स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा तव्यावर भाजतोय असं समजा. लाटणारा म्हणजे प्रोसेसर, कोण कुठे पळतंय, गोळी कोणाला लागली, काय काय काढायचं, हा सगळा हिशोब करून तो फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, तयार करून देतो, आणि ग्राफिक्स कार्ड ती भाजतं म्हणजे प्रत्यक्ष रंगवतं. तुम्ही तवा नवा आणलात, मोठा आणलात, पण लाटणारा तोच आहे. १४४ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात, ६० ला जवळजवळ १७ मिळत होते. म्हणजे मॉनिटर बदललात त्या दिवशी प्रोसेसरचं काम दुपटीच्या वर गेलं आणि त्याला कोणी सांगितलंच नाही.

पण हा माझा अंदाज झाला, मोजल्याशिवाय खिशात हात घालू नका. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका, दोन्ही फुकट आहेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसर एका वेळी जितकी कामं हाताळतो त्यातल्या एकेकाचा) वापर आणि फ्रेमचा आकडा लावा, आणि जिथे डोक्याला शॉट होतो तिथेच बघा, मेनूत उभं राहून किंवा रिकाम्या मॅपवर नाही. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट आधी बंद करा हां, नाहीतर कार्ड मुद्दाम आवरून धरलेलं असतं आणि आपण उगाच प्रोसेसरला शिव्या देतो. आता कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे चिकटून बसलं असेल तर तवा भरलेला आहे, प्रोसेसर बदलून काडीचा फरक पडणार नाही. कार्ड ५५-६० वर लोळतंय आणि फ्रेम तरी कमी, तर तवा रिकामा तापतोय.

इथे बरेच जण फसतात ते टास्क मॅनेजरमुळे. तो एकूण ३५-४० टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर निवांत आहे. तुमच्या २६०० मध्ये १२ थ्रेड आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण अडकला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांच्या आसपासच दिसणार. बाकी अकरा जण चहा पीत बसलेत म्हणून काम होत नाही असं थोडंच आहे, ज्याच्यावर अडलंय तो एकच आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. हे म्हणजे तव्याखालचा गॅस मोठा करणं, भाजणं पटापट होतं, लाटण्याचा वेग तोच. फ्रेम धडाधड वाढल्या तर कार्ड अडवत होतं, आकडा जागचा हलला नाही तर घोडं प्रोसेसरपाशीच पेंड खातंय.

आता लगेच प्रोसेसर घ्यायचा का? नाही, आधी फुकटातलं. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय) चालू आहे का बघा. ते बंद असलं की ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडत चालते, आणि रायझनला, विशेषतः तुमच्या पिढीच्या, हे फार लागतं. २६०० ला अधिकृत मर्यादा २९३३ ची आहे, ३२०० वर कुरकुर केली तर २९३३ वर ठेवा. दोन्ही रॅम एकाआड एक खाचेत आहेत ना, म्हणजे प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या, हेही बघा. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः भाच्याच्या पीसीला नवा प्रोसेसर घेऊन दिला आणि दोन आठवड्यांनी कळलं की जोडणाऱ्याने दोन्ही रॅम शेजारी-शेजारी खुपसल्या होत्या. जुना प्रोसेसर तोवर विकून झाला होता. भाचा अजून ऐकवतो.

अधूनमधून सेकंद-दोन सेकंद सगळंच अडखळत असेल, आवाजासकट, तर ते वेगळं दुखणं आहे. रायझनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू असताना असे झटके येतात हे एएमडीने २०२२ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं आणि बायोस अपडेटमध्ये त्याचा इलाज दिला. आणि नवीन अपडेटनंतर पहिल्या दोन-चार मॅचमध्ये झटके आले तर घाबरू नका, शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात, नंतर झटके थांबतात.

हे सगळं करूनही कार्ड रिकामंच बसत असेल, तर हो, बदला. पण बोर्ड आणि रॅम नका काढू. तुमच्या एएम४ सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, हेच तर सुख आहे, २०१८ चा बी४५० बोर्ड बायोस अपडेट केल्यावर रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर घेतो, आणि तुम्हाला साधा ५६०० बास आहे. कोअर (आत काम करणारे गडी) तेवढेच सहा, पण २६०० मध्ये तीन-तीनच्या दोन टोळ्या आणि प्रत्येकीकडे ८-८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), तर ५६०० मध्ये सहाही जणांना मिळून एकच ३२ एमबीचं कोठार, त्यामुळे इकडचा निरोप तिकडे पोचवण्यात वेळ जात नाही. गेममध्ये फरक पडतो तो इथे. मित्राचा ५८००एक्स३डी भारीच आहे, ९६ एमबी कॅश, पण नवा मिळणं अवघड, जुना आहे तो भाव सोडत नाही, आणि ३०६० सोबत त्यातला बराचसा जोर तुम्हाला दिसणारच नाही. तेवढे पैसे पुढच्या कार्डासाठी ठेवा.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, बोर्डवाल्या कंपनीच्या साइटवर कुठल्या प्रोसेसरला कुठलं व्हर्जन लागतं याची यादी असते. आणि कृपा करून गुरुवारी करू नका. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि अर्ध्यावर वीज गेली तर बोर्डाचा दगड होतो. शेजाऱ्याचा यूपीएस अर्ध्या तासासाठी मागून आणा, चहा पाजा त्याला.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. २०२२ मध्ये त्याला आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० असलेला पीसी घेऊन दिला, मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. आता म्हणतो प्रोसेसर जुना झाला, आय७ पाहिजे, नाहीतर कॉलेजचे प्रोजेक्ट होणार नाहीत. पीसी टेबलाखालच्या कप्प्यात असतो, उन्हाळ्यात पंखा मिक्सरसारखा वाजतो. खरंच गरज आहे का? (एक आई, सिंहगड रोड)

उत्तर : ताई, पहिल्या वर्षाचा कुठलाही प्रोजेक्ट या प्रोसेसरवर आरामात होतो, चिरंजीवांच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक बंदुका आहेत. असू देत, वय आहे. पण त्याच्यासाठीसुद्धा आय७ हा चुकीचा हट्ट आहे. इथे लाटणारा तरबेज आहे आणि तवा छोटा, १६५० हे २०१९ चं ४ जीबीवालं कार्ड, आजच्या मोठ्या गेममध्ये तेच आधी दमतं. वरून मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो, मग आत कितीही शिजवा, ताटात तेवढंच येणार.

आधी तो डबा कप्प्याबाहेर काढा. बंद कप्प्यात स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो, एप्रिलमध्ये तर विचारूच नका. धूळ ब्लोअरने उडवा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावून घ्या, प्रोसेसर तापून वेग कमी करत असेल तर तेवढ्यावर भागेल. पुढे काही द्यायचंच झालं तर कार्ड द्या. आणि कोणाकडून स्वस्तात १३व्या-१४व्या पिढीचा जुना आय७-आय९ मिळतोय असं मुलगा म्हणाला तर जरा थांबा, त्या पिढ्यांतल्या वरच्या चिपना जास्त व्होल्टेजमुळे गेम बंद पडण्याचा त्रास होता, २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट काढला आणि वॉरंटीसुद्धा दोन वर्षं वाढवली, पण आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. बिल आणि वॉरंटी नसेल तर हात लावायचा नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे. आय७-४७७०, १६ जीबी डीडीआर३, जीटीएक्स १०५० टीआय, विंडोज १०. शाळेतल्या मित्रांबरोबर रात्री एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती खेळतो. आठ जण असलो की तासाभराने खेळ रांगायला लागतो आणि सगळे मलाच बोलतात. ही चिप त्या वेळची टॉपची होती. (एक काका, चिंचवड)

उत्तर : काका, मित्र बोलतात ते खोटं नाही. या खेळात सगळ्यांची मशीन एकाच तालावर चालावी लागतात, म्हणजे सर्वांत हळू मशीनची जी चाल तीच आठही जणांची चाल. आणि शेकडो शिपाई मैदानात उतरले की हिशोबाचा भार मुख्यतः एका थ्रेडवर येतो, तिथे २०१३ ची चिप धापा टाकते. तुमच्यासाठी फ्रेमचा आकडा बघण्यात अर्थ नाही, शेवटच्या अर्ध्या तासाची लढाई हीच तुमची टेस्ट, आणि त्यात पीसी नापास झालाय.

पण "प्रोसेसर" बदलायला जागाच नाही. तुमच्या सॉकेटमध्ये याहून जरा वेगवान एखादी चिप बसेल, तीही तेव्हाचीच, त्यात पैसे घालणं म्हणजे जुन्या वाड्याला नवीन लिफ्ट. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा. म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही. दुकानात तुम्हाला एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट) दाखवतील, तो चांगलाच आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले. तुमच्या खेळाला एवढं नको. बाराव्या पिढीचा आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चा बोर्ड घ्या, मित्रमंडळींत कोणाची डीडीआर४ पडून असेल तर तीही चालेल. कॅबिनेट, कार्ड, हार्ड डिस्क तेच राहू द्या, पॉवर सप्लाय मात्र तेवढाच जुना असेल तर बदला, तो गेला तर एकटा जात नाही.

प्रश्न : एका वेबसाइटवर बॉटलनेक कॅल्क्युलेटरमध्ये माझा प्रोसेसर आणि कार्ड टाकलं तर २३ टक्के बॉटलनेक, म्हणजे एकाने दुसऱ्याला अडवणं, आला. बदलू का? (विद्यार्थी, धनकवडी)

उत्तर : नाही रे. तू कुठला गेम खेळतोस, कुठल्या सेटिंगवर, हे त्याला माहीत तरी आहे का? हीच जोडी सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारी जड सेटिंग) लावलंस तर कार्डावर अडेल आणि व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरवर. वरचं पहिलं उत्तर वाच आणि स्वतः मोज. आणि डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी सोय) लावून फ्रेम वाढल्या नाहीत तर तीसुद्धा खूण समज, कारण त्याने कार्डाचं ओझं हलकं होतं, प्रोसेसरचं नाही.

प्रश्न : जुना रायझन काढताना कूलर ओढला आणि प्रोसेसर त्यालाच चिकटून उपटून आला. तीन पिना वाकल्यात. गेला का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : वाकल्यात ना, तुटल्या नाहीत ना? मग शक्यता चांगली आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते, म्हणून कूलर काढण्याआधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून गरम करायचा, पीसी बंद करून वायर काढायची आणि मग कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवायचा, सरळ वर ओढायचा नाही. आता झालं ते झालं. उजेडात बसा, जुन्या एटीएम कार्डाची कड पिनांच्या रांगेतून अलगद फिरवा, जी जास्त वाकलीये ती लीड काढलेल्या पेन-पेन्सिलच्या नळीत घालून हळूहळू उभी करा, एका दमात नाही. मग सॉकेटची दांडी वर करून प्रोसेसर नुसता ठेवा. स्वतःच्या वजनाने आत बसला तर झालं, बोटाने दाबावं लागतंय असं वाटलं तर परत उचला, अजून एखादी वाकडी आहे.