रडारवर ठिपका दिसला म्हणजे तिथे काहीतरी उडत होतंच ना?

तसं धरून चालू नका. रडार फक्त आपटून परतलेल्या लहरी टिपतं. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनचा विमानतळ आणि अँड्र्यूज हवाई तळ, दोन्हींच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले. एफ-९४ लढाऊ विमानं धाडली गेली. अमेरिकेच्या हवाई दलाने कारण दिलं हवेच्या थरांचं: खाली गार, वर उबदार हवा असली की लहरी जमिनीकडे वाकतात आणि खालच्याच वस्तू आकाशात असल्यासारख्या दिसतात. आमच्या ग्वाल्हेरात थंडीत सकाळी किल्ल्यावरून बघा, धूर शहरावर चादरीसारखा अडकलेला असतो. कारण हेच थर. (एकदा बघाच!) पण वॉशिंग्टनला तेव्हा काही वैमानिकांनी डोळ्यांनीही दिवे पाहिले होते, ते सगळं या थरांवर ढकलणं मला पटत नाही.