डिप्लोमा सिव्हिलचा, काम आपत्तीतल्या पाण्याचं

भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

अमळनेर तालुक्यातून तुम्ही लिहिलंत, की मुलगी यंदा सिव्हिल डिप्लोमा पूर्ण करतेय आणि पूर, भूकंप, विस्थापन अशा वेळी पाणी-स्वच्छतेची सोय करणाऱ्या संस्थांत तिला लोकसहभागाचं काम करायचंय. तुमचा प्रश्न असा, की ‘इंजिनिअरिंग शिकून लोकांच्या मीटिंगा घेत फिरायचं, ही काय नोकरी झाली?’

या कामात मीटिंग हा भाग थोडाच आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी वस्तीत शिरलं होतं. तशा पुरात ३०० माणसं एखाद्या शाळेत आणून ठेवली, असं धरा. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे ‘स्फिअर’ निकष सांगतात की माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हवं. म्हणजे साडेचार हजार लिटर, पाच हजारांची एक टाकी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणून नळ दोन तरी हवेत आणि मिनिटाला साडेसात लिटरची धार हवी. दहा लिटरची बादली ८० सेकंदांत भरली तर धार बरोबर. संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, नंतर २० माणसांमागे एक, म्हणजे पंधरा. एवढा हिशोब तुमची मुलगी आजही करील.

काम अडतं ते पुढे. पंधरा संडास उभे राहतात आणि बायका रात्री तिकडे फिरकत नाहीत. आतून कडी नसते, दिवा नसतो, वाट पुरुषांच्या घोळक्यासमोरून जाते. मग त्या संध्याकाळपासून पाणी पिणंच कमी करतात किंवा अंधारात शेताकडे जातात. २०१७ मध्ये बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांच्या छावण्यांत घाईघाईत बांधलेल्या संडासांचं असंच झालं. काही तर हातपंपांना इतके खेटून होते की बंद करावे लागले. म्हणून खड्डा खणण्याआधी बायकांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना सोबत घेऊन जागा पायी फिरून ठरवायची असते. सार्वजनिक संडासांत बायकांचे तीन, तर पुरुषांचा एक, हे प्रमाण ठेवायचं. पाळीचे कपडे धुवायला-वाळवायला आडोशाची जागा कुठे, हेही त्याच फेरीत ठरतं, आणि हे विचारायला बाईच लागते. मुलगी या कामात असण्याचं महत्त्व इथे आहे.

जागेत तिचं सिव्हिलही लागतं. पाण्याच्या स्रोतापासून खड्डा ३० मीटर तरी लांब आणि त्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर, हा नियम. आपल्याकडे तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत ओला खड्डा ढासळतो, रिंगा टाकाव्या लागतात. साक्रीकडच्या खडकाळ भागात खणणंच अवघड, आणि खडकाला भेगा असल्या तर ३० मीटरही पुरत नाहीत. कुठली विहीर कधी आटते, पाणी कुठून पाझरतं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना नकाशापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

क्लोरीनचंही तसंच. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला २५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्ध्या तासाने नळावर ओटी टेस्ट घ्यायची, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायचं. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. पिवळा रंग आलाच नाही, तर बहुतेक वेळा पोतं उघडं राहून पावडर दमट झालेली असते, नाहीतर पाणी गढूळ असतं आणि गाळच क्लोरीन खातो. अशा वेळी आधी तुरटी फिरवून पाणी निवळून घ्यावं लागतं. उलट, डोस जास्त झाला की वास येतो आणि लोक टाकी सोडून जवळच्या विहिरीचं पाणी आणतात. यावर पत्रकं वाटून उपयोग नाही. छावणीतल्याच दोन बायकांना ओटी टेस्ट शिकवा, रोज सकाळी रांगेसमोर करू द्या, आकडा फळ्यावर लिहू द्या. तक्रारही त्यांच्याकडेच येते, आणि दुसऱ्या दिवशी त्या तक्रारीचं काय झालं हे सांगायचंच असतं. ते राहिलं की लोक बोलायचे थांबतात. समिती फक्त सरपंच आणि पुढाऱ्यांची केली तरी हेच होतं.

आता शिक्षणाचं. सिव्हिल सोडू देऊ नका. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, तो घ्यावा. पदवीनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं एमए आहे. घरापासून लांब नको असेल तर जळगावात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करता येईल, पण माझं मत पहिल्या वाटेकडे झुकतं. पुण्यातली रेडआर इंडिया ही संस्था आपत्तीतल्या पाणी-स्वच्छतेची प्रशिक्षणं घेते, त्यांच्यावर लक्ष ठेवा. नोकऱ्यांच्या जाहिरातीत ‘वॉश ऑफिसर’ (वॉश म्हणजे पाणी, संडास आणि स्वच्छता), ‘हायजीन प्रमोटर’, ‘कम्युनिटी मोबिलायझर’ अशी नावं दिसतील. आपत्तीतले करार बहुधा काही महिन्यांचे असतात आणि घर सोडून राहावं लागतं. ही अनिश्चितता खरी आहे. मधल्या काळात जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागातलं गट किंवा समूह समन्वयकाचं कंत्राटी काम हाती असलेलं बरं.

भाषेकडेही लक्ष द्या. अहिराणी तिला येतेच. ‘पानी कोन भरस?’ एवढं विचारलं तरी घरातला खरा पाणीवाला माणूस पुढे येतो. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी-भिली लागते, ती कामापुरती तरी शिकावी.

या पावसाळ्यात तिने गावच्या जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाबरोबर, महिनाभर फिरावं. टाकीजवळच्या आणि सगळ्यात शेवटच्या घराच्या नळाची ओटी टेस्ट रोज घ्यावी. क्लोरीन कुठे सापडलं नाही, कारण काय निघालं, दुरुस्तीला किती दिवस लागले, हे वहीत लिहावं. मुलाखतीत ती वही समोर ठेवावी. डिप्लोमाचा निकाल लागला की राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) संकेतस्थळावर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं वेळापत्रक पाहा. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर लागू असेल तर त्यांचे अर्ज आजच टाका.