वर्ष सरताना बदललेले भारांक बंधनकारक ठरतात का?

प्रश्न : आमची यंत्रांच्या देखभालीची छोटी फर्म आहे. एका कंपनीशी तीन वर्षांचा करार आहे. त्यात म्हटलंय, की वार्षिक बोनस गुणवत्ता, वेळ, सुरक्षितता आणि कागदपत्रे या बाबी पाहून, ‘गुणवत्तेला प्राधान्य देऊन’ ठरवला जाईल. परिशिष्टात या बाबींना अनुक्रमे ४०, ३०, २० आणि १० असे भारांक आहेत. एकूण ७५ गुण झाले की बोनस. पहिल्या वर्षी तसा तो मिळालाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कंपनीने ई-मेल पाठवून वेळेचा भारांक ५० आणि गुणवत्तेचा २० केला. मी उत्तर दिलं नाही. आता ६८.५ गुण दाखवून बोनस नाकारला आहे. मी गप्प राहिलो, म्हणजे बदल मान्य केला असं होतं का?

उत्तर : नाही, होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे करारात बदल होतो तो दोन्ही पक्षांनी तसं ठरवल्यावर. तुम्ही पाठवलेल्या करारात कंपनीला एकतर्फी भारांक बदलण्याचा अधिकार देणारं कलम मला कुठेही दिसलं नाही. ई-मेलनंतर तुम्ही काम चालू ठेवलंत, पण ते काम करायला तुम्ही आधीपासूनच बांधील होता. त्यावरून नव्या तक्त्याला संमती दिली असं म्हणता येणार नाही.

तुमच्या प्रश्नाशी बराच जवळचा एक निकाल आहे : सांगयाँग इंजिनिअरिंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सर्वोच्च न्यायालय, २०१९. तिथे वाद किंमतवाढीच्या सूत्राचा होता. सरकारी किंमत निर्देशांकाची मालिका बदलल्यावर प्राधिकरणाने परिपत्रक काढून हिशेबाची नवी पद्धत कंत्राटदाराला लावली. कंत्राटदाराने ती मानली नव्हती. नाखूश पक्षावर करारातला एकतर्फी बदल लादता येत नाही, असं सांगून न्यायालयाने त्या परिपत्रकावर उभा असलेला लवादाचा निवाडा रद्द केला. सूत्रातला एक घटक बदलला की देणं बदलतं. तुमच्याकडेही नेमकं तेच झालंय.

पण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला वेगळाच वाटतो. परिशिष्ट क्षणभर बाजूला ठेवा. मूळ करारात ‘गुणवत्तेला प्राधान्य’ असं लिहिलंय. हे शब्द किती टक्के ते सांगत नाहीत. तरी गुणवत्ता इतर कुठल्याही बाबीच्या खाली जाणार नाही, एवढं तर नक्की सांगतात. वेळेला ५० आणि गुणवत्तेला २० देणारा तक्ता म्हणजे मूळ कराराचाच भंग. ‘परिशिष्ट केवळ नमुन्यादाखल होतं’ असा बचाव कंपनी घेईल, मला जवळजवळ खात्री आहे. तो घेतला तरी ती या वाक्यातून सुटत नाही. शिवाय पहिल्या वर्षी तिने स्वतःच त्याच परिशिष्टावरून पैसे दिले आहेत.

आता नाजूक भाग. कंपनीच्याच गुणपत्रकात चार बाबींचे शंभरपैकी गुण ९०, ५५, ८० आणि ७० आहेत. जुन्या भारांकांनी ३६, १६.५, १६ आणि ७, म्हणजे ७५.५. नव्यांनी १८, २७.५, १६ आणि ७, म्हणजे ६८.५. जुन्या हिशेबात तुम्ही जेमतेम अर्ध्या गुणाने वर आहात! भारांकांवरून भांडण सुरू झालं, की कंपनी गुणांकडे वळेल आणि गुणवत्तेचे ९० कसे चुकून दिले ते सांगू लागेल. त्यातले दोन जरी कमी केले, तरी जुन्या तक्त्यानेही तुम्ही ७५ च्या खाली येता. म्हणून नोटीस धाडण्याची घाई करू नका. आधी साधं, सौम्य पत्र लिहा : ‘बाबनिहाय गुण आणि ते कशावरून दिले याचा तपशील कळवावा.’ भारांकांचा विषय त्यात नको. लेखी उत्तर आलं, की ती त्यांची कबुली झाली. मग हरकतीची नोटीस द्या आणि दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडा.

सगळे ई-मेल मूळ स्वरूपात जपा, नुसते छापील कागद पुरणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यांच्या प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

करारात लवादाचं कलम असेल तर त्याच वाटेने जावं लागेल. नसेल, दावा तीन लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. बोनस नाकारल्यापासून तीन वर्षांची मुदत धरून चाला.

एक काम मात्र आजच करा. तिसरं वर्ष सुरू झालेलं आहे, आणि यंदा नवा तक्ता वर्षाच्या सुरुवातीपासूनच तुमच्या समोर आहे. आताही गप्प राहिलात, तर तुम्ही तो वागण्यातून स्वीकारला, हे म्हणणं कंपनीला सोपं जाईल. ‘परिशिष्टातले मूळ भारांकच आम्हाला मान्य आहेत, काम त्यांनुसार चालू आहे’ एवढ्या दोन ओळी ई-मेलने पाठवा आणि पोच मागा. गुण विचारणारं पत्र त्यानंतर, वेगळं जाऊ द्या.