जळगावहून स्वतः आखलेली पहिली जंगल सफारी कमी खर्चात कशी करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुम्ही आणि तुमच्या पत्नी जळगावला राहता, वाघाचे जंगल अजून पाहिलेले नाही, टूरवाल्यांनी सांगितलेला आकडा आवाक्याबाहेरचा आहे, आणि तीन-चार दिवसांत, सर्व काही स्वतः ठरवून, कुठे व कसे जावे हे तुम्हाला हवे आहे. मी भुसावळचा आहे आणि जंगलाचे बेत स्वतःच आखत आलो आहे, त्यामुळे खान्देशातून निघणाऱ्या माणसाच्या सोयीने उत्तर देतो.

बहुतेक लोक आधी जंगल निवडतात, मग रिसॉर्ट पाहतात, त्यानंतर सफारीचा परवाना शोधतात आणि सोबत कोण येणार हे सर्वांत शेवटी ठरवतात. कमी पैशात जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, कारण सफारीचा खर्च माणशी नसून बव्हंशी गाडीमागे असतो. जिप्सीचे, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचे भाडे आणि गाईडचे शुल्क गाडीत दोघे बसले काय किंवा सहा जण बसले काय, तेवढेच राहते. हिशेबापुरते असे धरा की एका फेरीचा एकूण खर्च ७,२०० रुपये आला. सहा जणांत तो माणशी १,२०० रुपये होतो आणि तुम्ही दोघेच गेलात तर माणशी ३,६००. चार फेऱ्या केल्या तर एका माणसामागे ४,८०० आणि १४,४०० एवढा फरक पडतो, आणि खोली कितीही स्वस्त शोधली तरी तो भरून निघत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आणखी चार माणसे जमवणे. शाळेतले मित्र, कार्यालयातले सहकारी, साडू, मेव्हणे, कोणीही चालेल. फक्त पहाटे पाचला कुरकुर न करता उठणारे आणि गाडीत गप्प बसू शकणारे असावेत. नातेवाईक निवडताना ही दुसरी अट मी जरा कडक ठेवतो.

चार जण मिळालेच नाहीत तर मध्य प्रदेशातील जंगलांचा विचार करावा, कारण तिथे संपूर्ण गाडीऐवजी एकेका आसनाचा परवानाही ऑनलाइन मिळतो आणि उरलेल्या जागांवर दुसरे प्रवासी येतात. अशा वेळी सोबत कोण असेल हे आपल्या हातात नसते, पण दोघांच्या खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग उत्तम आहे.

माणसे ठरली की वार ठरवावेत. चंद्रपूरजवळच्या ताडोबा व्याघ्रप्रकल्पाचा गाभा (कोअर), म्हणजे आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो आणि शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे बुधवारी दुपारी पोचून शुक्रवारी सकाळची फेरी करून निघणे हा खिशाला सर्वांत हलका बेत ठरतो. मध्य प्रदेशात याच्या उलट बुधवारी दुपारची फेरी नसते, म्हणून तिकडे जाताना बुधवार मध्ये येऊ देऊ नये. सफारी सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळांना असते. पहिल्या दिवशी दुपारची, दुसऱ्या दिवशी दोन्ही आणि तिसऱ्या दिवशी सकाळची असे धरले तर दोन मुक्कामांत चार फेऱ्या होतात. पहिल्या सहलीसाठी हे प्रमाण मला योग्य वाटते. एका जंगलात एक फेरी, दुसऱ्यात एक, असे तुकडे करू नयेत, कारण प्रवासाचे पैसे दुप्पट होतात आणि कोणतेच जंगल नीट कळत नाही. तिसऱ्या फेरीपासून पाणवठे आणि रस्ते ओळखीचे होऊ लागतात, आणि आनंद खरा तिथून सुरू होतो.

आता जंगलाकडे येतो. खान्देशासाठी ताडोबा सोयीचे आहे, आणि त्याचे कारण रेल्वे आहे. अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ या मार्गाने थेट चंद्रपूरला जाते, त्यामुळे गाडी न बदलता स्लीपरच्या तिकिटात पोचता येते. चंद्रपूरला उतरणाऱ्याने मोहर्ली गेटचाच आग्रह धरावा. ते शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि तिकडे एसटी जाते. कोलारा आणि नवेगाव ही गेटे चिमूरच्या बाजूला आहेत. ती नागपूरहून मोटारीने येणाऱ्यांना सोयीची आहेत, पण परवाना मिळतो म्हणून ते गेट घेतले आणि चंद्रपूरला उतरले, तर जे वाचवले ते टॅक्सीला द्यावे लागते. परवाना घेताना गेटचे नाव नकाशावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत, एवढे तरी नक्की करा.

गाभ्याच्या चारही फेऱ्या घेण्याची गरज नाही. मोहर्लीच्या आसपास आगरझरी, देवाडा, जुनोना अशी बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्याची गेटे आहेत, आणि तिथला परवाना गाभ्याच्या मानाने स्वस्त असतो व सहसा सहज मिळतो. बफरमध्ये वाघ नसतो हा समज चुकीचा आहे. ताडोब्याच्या बफरमध्ये वाघांचा कायम वावर आहे आणि गाड्यांची गर्दीही कमी असते. दोन फेऱ्या गाभ्यात व दोन बफरमध्ये अशी विभागणी मी सुचवेन.

परवाना मात्र केवळ शासनाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ताडोब्याच्या आणि मध्य प्रदेश वनविभागाच्या अधिकृत आरक्षणाचे पत्ते गव्ह डॉट इनने संपतात; मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे शोधात वर दिसतात आणि तिथे वरकड पैसे जातात, कधी तर परवानाच मिळत नाही. आरक्षण करताना प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते, आणि ऐनवेळी एकाऐवजी दुसरा माणूस नेता येईल असे गृहीत धरू नये. ऑनलाइन भरलेली रक्कम हाच संपूर्ण खर्च, असेही समजू नये. अनेक ठिकाणी ती केवळ प्रवेशाची असते आणि जिप्सी व गाईडचे पैसे गेटवर वेगळे द्यावे लागतात, म्हणून पावतीवर काय धरले आहे ते वाचावे आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. परवाना हातात आल्यावरच रेल्वेचे तिकीट काढावे आणि खोली सर्वांत शेवटी घ्यावी. खोली हवी ती फक्त झोपण्यापुरती, कारण दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि उरलेला झोपेत. मोहर्ली व आसपासच्या गावांत घरगुती निवास मिळतात. जेवण तिथेच सांगितले की वेगळा खर्च राहत नाही. जाता-येता गाडीत खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी घ्यावीत, हे खान्देशातल्या माणसाला सांगण्याची गरज नसावी.

ताडोबा नको असेल किंवा परवाना मिळालाच नाही, तर दोन जागा माझ्या विशेष आवडीच्या आहेत. पहिली मढई, म्हणजे मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचे प्रवेशद्वार. भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या मार्गावर सोहागपूर स्थानक आहे, आणि तिथून मढई जवळ आहे. देनवा नदीचे पाणी नावेने ओलांडून जिप्सीत बसायचे असते. वाघ दिसण्याची शक्यता ताडोब्याहून कमी, पण गवे आणि अस्वले दिसण्याची शक्यता चांगली.

दुसरी जागा मेळघाट. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक, आणि आपल्याला सर्वांत जवळचे. रावेर-बऱ्हाणपूरवरून धारणी, हरिसाल, सेमाडोह असा रस्ता थेट जंगलातून जातो, आणि सेमाडोह व कोलकास येथे वनविभागाची निवासव्यवस्था आहे. डोंगर उंच आणि झाडी दाट असल्यामुळे वाघ इथे क्वचितच दिसतो. ज्याला केवळ वाघ पाहायचा आहे त्याने मेळघाटला जाऊन नंतर तक्रार करू नये. पक्ष्यांची थोडी जरी आवड असेल तर मात्र गाईडला रानपिंगळ्याबद्दल जरूर विचारा. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याची खात्रीलायक नोंद नव्हती, असा हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला, आणि मेळघाटात तो चांगल्या संख्येने आहे. त्याच्यासाठी परदेशातून माणसे येतात आणि आपल्याकडच्या कित्येकांना त्याचे नावही ठाऊक नसते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

जवळपास काहीच नाही का, असेही तुम्ही विचारले आहे. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला वाघ केळीच्या बागांपर्यंत येतो, पण ते सफारीचे ठिकाण नव्हे आणि तिथे स्वतःहून भटकणे धोक्याचे व शेतकऱ्यांना त्रासाचे आहे. यावल अभयारण्यातील पाल किंवा चाळीसगावजवळची पाटणादेवी येथे मात्र एखाद्या रविवारी जाऊन यावे, म्हणजे दुर्बिणीचा सराव होतो. दुर्बीण उसनी मिळाली तर उत्तम, विकत घ्यायची तर ८×४२ आकाराची साधी पुरते. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटोंच्या भरवशावर जाऊ नये. महागडा कॅमेरा भाड्याने घेण्यापेक्षा त्याच पैशात एक फेरी वाढवावी, असे माझे मत आहे.

फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतचा काळ प्राणी दिसण्यास चांगला, कारण पानगळ झालेली असते आणि पाणी थोड्याच ठिकाणी उरते. एप्रिल-मेमधील चंद्रपूरचे ऊन भुसावळकराला नवे नाही, पण उघड्या जिप्सीत ते वेगळेच लागते; बागायती (मोठा सुती) रुमाल डोक्याला आणि भरपूर पाणी जवळ, याला पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पहाटे त्याच जिप्सीत स्वेटरवर शालही लागते. कपडे मळकट रंगाचे असावेत आणि अत्तर लावू नये.

गाडीत बसल्यावर गाईडला सुरुवातीलाच सांगा की तुम्ही नवखे आहात आणि वाघामागे धावाधाव नको. असे सांगितले की तो पाणवठ्यापाशी गाडी बंद करून थांबतो आणि चितळाचा किंवा वानराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा आवाज, कोणत्या दिशेने येतो ते ऐकवतो. दुसरीकडे वाघ दिसल्याची बातमी येताच सुसाट निघणाऱ्या गाडीत मात्र धुळीखेरीज फारसे काही दिसत नाही. गाईड व चालक बहुधा बफरमधल्या गावांतलेच असतात. फेरी आवडली तर सर्वांनी मिळून त्यांना काही बक्षिसी द्यावी आणि ती खर्चात आधीच धरून ठेवावी.

जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने गाभा बंद असतो, म्हणून तुम्ही म्हणता त्याप्रमाणे श्रावणातल्या सुट्ट्यांना जोडून जायचे असेल तर बफरची कोणती गेटे त्या काळात चालू आहेत एवढेच पाहावे लागेल, आणि पावसाने रस्ते खराब झाले की तीही अचानक बंद होतात. तेव्हा श्रावणाचा बेत सोडून होळीनंतरचा एखादा बुधवार धरा आणि माणसे आतापासून जमवायला लागा.