पेशीपटलात 'चरबी' असते का?

एका वाचकाने विचारलं आहे : 'पेशीपटलातली चरबी प्रथिनांना चिकटते' हे वाक्य बरोबर आहे का? 'लिपिड'साठी, म्हणजे तेलकट जातीच्या रेणूंसाठी, चरबी, मेद, वसा यांतला कोणता शब्द घ्यावा?

पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला 'पटल' म्हणणं अगदी योग्य. 'भिंत' लिहिलं असतं, तर वनस्पतींच्या पेशीभित्तिकेशी घोळ झाला असता. 'चरबी' मात्र इथे नको.

फारसीत 'चर्ब' म्हणजे तेलकट. मराठीत येईपर्यंत चरबी म्हणजे साठा झाला : मटणाच्या तुकड्याला लागलेला पांढरा थर, पोटावर वाढलेली ती. माजलेल्या माणसाला 'चरबी चढलीय' म्हणतो तेही त्यातूनच. 'मेद'ही साठ्याचाच. साठ्यातल्या चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन शेपट्या असतात. पटलातल्या मुख्य लिपिडला, फॉस्फोलिपिडला, शेपट्या दोनच. तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं, आणि त्याला पाणी आवडतं. म्हणून तर हे रेणू डोकी बाहेर, शेपट्या आत अशा दोन थरांत उभे राहतात. हा फरकच पटलाचा प्राण आहे, आणि 'चरबी' म्हटलं की नेमका तोच बुजतो.

'वसा' जुना आणि चांगला शब्द. चरकसंहितेतल्या चार स्नेहांत, म्हणजे घृत, तैल, वसा आणि मज्जा यांत, तो आहे. पण आजच्या कानाला 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' हेच आधी आठवतं.

मला 'स्निग्ध रेणू' आवडतो. 'स्निह्' या धातूत ओशटपणाही आहे आणि जिव्हाळाही. गंमत अशी, की पाण्याकडे ओढ असलेल्या डोक्याला आपण 'जलस्नेही' म्हणतो, तिथे स्नेह फक्त ओढीचा, तेलाचा नव्हे. पाठ्यपुस्तकी लेखनात सरळ 'लिपिड' लिहावं. त्यात कोलेस्टेरॉलही सामावतं.

आता 'चिकटते'. सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये पटलाचं जे चित्र मांडलं, त्यात प्रथिनं एका प्रवाही स्निग्ध थरात तरंगतात. प्रथिनाला लागून लिपिडांचं एक कडं असतं. स्नायूपेशीतल्या 'कॅल्शियम पंप' या प्रथिनाभोवती ते साधारण ३० रेणूंचं भरतं. पण हे रेणू तिथे बसून राहत नाहीत, सेकंदात लाखो वेळा शेजाऱ्यांशी जागा बदलतात. त्याला चिकटणं कसं म्हणायचं? 'वेढतात' म्हणावं.

खरोखर धरून राहणारे थोडेच. कार्डिओलिपिन हे त्यातलं ठळक उदाहरण. चार शेपट्यांचं हे लिपिड १९४० च्या दशकात गाईच्या हृदयातून प्रथम वेगळं केलं गेलं, म्हणून नावात 'कार्डिओ'. तुपाचं ताट साबणाने धुवावं तशी प्रयोगशाळेत प्रथिनं डिटर्जंटने पटलातून सोडवून घेतात. एवढं धुऊनही सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाच्या खाचांमध्ये कार्डिओलिपिन उरलेलं सापडतं, आणि ते पुरतं काढलं की प्रथिनाचं काम मंदावतं. इथे 'घट्ट बांधलेलं' हेच बरोबर.

तेव्हा वाक्य मी असं लिहीन : 'पेशीपटलातली लिपिडं प्रथिनांना वेढून असतात, काही मोजकी त्यांच्याशी घट्ट बांधलेली असतात.'