पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी डोळे लहानमोठे दिसतात, ते असेच राहतील का?

आपण लिहिले आहे की वरच्या आणि खालच्या पापण्यांची शस्त्रक्रिया होऊन ९ दिवस झाले, टाके निघाले, तरी डावा डोळा उजव्यापेक्षा लहान दिसतो, झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात असे घरचे सांगतात आणि आरशातला चेहरा परका वाटतो. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेत राहते आणि ५७व्या वर्षी मी हीच शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्या अनुभवावरून सांगते की आपण वर्णन केलेल्या बहुतेक गोष्टी या दिवसांत दिसतातच, आणि ९ दिवसांच्या चेहऱ्यावरून निकाल ठरवणे फार घाईचे होईल.

पापणीची कातडी अतिशय पातळ असल्यामुळे तिथे सूज लगेच भरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते. माझा उजवा डोळा तिसऱ्या दिवशी जेमतेम फटीएवढा उघडत होता. आठव्या दिवशी काळानिळा डाग गालावर उतरलेला पाहून मी घाबरले, पण साकळलेले रक्त वजनाने खाली सरकते आणि जिरताना जांभळ्याचे हिरवट, मग पिवळे होते, हे डॉक्टरांनी समजावले. दोन्ही डोळे एकाच गतीने भरून येत नाहीत; ज्या कुशीवर आपण झोपतो तिकडची सूज सकाळी अधिक दिसते. म्हणून डोके उंच ठेवून उताणे झोपावे. शस्त्रक्रियेपूर्वीचे एखादे छायाचित्रही काढून पाहावे, कारण दोन डोळ्यांत थोडा फरक बहुतेकांना जन्मापासूनच असतो आणि एरवी तो कुणी मोजत नाही.

डोळे पूर्ण न मिटणे मात्र नुसते दिसण्याचे प्रकरण नाही. सुजेमुळे आणि पापणी मिटणारा स्नायू काही काळ मंदावल्यामुळे असे होते व सहसा काही आठवड्यांत सुधारते, पण तोवर बुबुळ कोरडे पडू शकते. रात्रीचे मलम आणि दिवसाचे थेंब सांगितल्याप्रमाणे नेमाने घालावेत. मलमामुळे सकाळी वर्तमानपत्राची अक्षरे धूसर दिसत, ती डोळा हलकेच पुसल्यावर स्पष्ट होत. खालची पापणी ओढल्यासारखी वाटत असेल तर विचारल्याशिवाय मालीश करू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अचानक तीव्र वेदना, एकाच डोळ्याची वाढती घट्ट सूज, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे किंवा दृष्टी मंद होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. डोळ्यामागे रक्तस्राव होत असेल तर दृष्टी वाचवण्यासाठी फार थोडा वेळ हातात असतो. हा धोका पहिल्या दिवशी अधिक असला तरी ही लक्षणे नंतरही दुर्लक्षू नयेत. पू, ताप किंवा वाढती लाली दिसल्यासही लगेच दाखवावे.

माझी शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली होती. रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, गुलाल वरच्या मजल्यांपर्यंत उडतो, म्हणून त्या वर्षी मी खिडक्या लावून घरातच बसले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनी अगदी समोर बसून कुंकू लावले, तरी पापणीच्या घडीतली टाक्यांची गुलाबी रेघ त्यांच्या लक्षात आली नाही. मला ती गणपतीपर्यंत दिसत होती. सूज पूर्ण ओसरून खरा आकार दिसायला ३ ते ६ महिने लागतात, त्यामुळे दुरुस्तीचा विचारही त्याआधी सहसा होत नाही. रोज आरसा पाहण्याऐवजी आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी छायाचित्र काढावे. फरक त्यात कळतो.

पुढची तपासणी केव्हा आहे हे आपण लिहिलेले नाही. ती लांब असेल तर झोपेत डोळे मिटत नाहीत एवढे कारण सांगून उद्याच फोन करावा आणि ती अलीकडे घ्यावी.