नाशिकमध्ये घरच्या बागेत कॅलेंड्युला लावलाय, फुलं कधी तोडू आणि तेलासाठी उन्हात सुकवली तर चालतील का?

नाही चालणार. उन्हाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, आमच्या घरात यावरून महाभारत झालंय.

तोडायचं म्हणाल तर सकाळी दव उडालं की, पूर्ण उमललेलं अख्खं फूल देठापासून, नुसत्या पाकळ्या नाही, खालच्या हिरव्या भागाचा जो चिकटा बोटांना लागतो ना तोच तर हवा असतो. दोन-तीन दिवसाआड तोडत राहा, बी धरू दिलं की फुलं कमी होतात. (झेंडू नाही ना आणलात? झेंडूचं पान कातरलेलं असतं, याचं साधं लांबट.)

तर गेल्या थंडीत मी मागच्या खोलीत सुती कापडावर, पंख्याखाली फुलं पसरली होती. पुण्याहून नणंद आलेली, मी जरा बाजारात गेले तर हिने सगळी उचलून गच्चीवर! वर आम्हालाच, "पापड-कुरडया काय आपण पंख्याखाली वाळवतो का?" संध्याकाळी पाकळ्या फिक्क्या आणि कुरकुरीत, लगेच बरणीत भरून खोबरेल ओतून मोकळी. देठाकडचा जाड भाग आतून ओलाच होता, तो कोण बघणार. बुरशी आली तर म्हणे तुझी फुलंच हलकी, आणि सासूबाई मान डोलावतायत! सासऱ्यांचं आयुष्य दिंडोरीकडे द्राक्षात गेलं, ते एवढंच म्हणाले, "अगं, बेदाणा तरी कुठे उन्हात टाकतात, शेडमध्ये जाळीवर सावलीतच सुकतो." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

म्हणून सावली, खेळती हवा, एकच थर, आणि हिरवा भाग कट्कन मोडेपर्यंत हात लावायचा नाही. खोबरेल नाशिकच्या थंडीत थिजतं, मी तिळाचं वापरते, फुलं पूर्ण बुडवायची आणि चार ते सहा आठवड्यांनी गाळायचं. नणंदबाई अजून उन्हातच वाळवतात, वाळवोत.

पाणी सकाळीच आणि मुळाशी घाला, भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) येते याच्यावर, द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि हो, गाजरगवताने किंवा शेवंतीने खाज सुटत असेल तर आधी मनगटावर थेंबभर लावून बघा, एकाच कुळातली झाडं आहेत ही. खोल जखमेवर तेल लावू नका. गरोदर असाल तर याचा चहाबिहा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.